एकट्यानं केलेल्या ॲपची किंमत

प्ले स्टोअरवर पहिलं ॲप चढवताना फॉर्मवर फॉर्म भरावे लागतात. ॲप लहान मुलांसाठी आहे का, त्यात जाहिराती आहेत का, वापरणाऱ्यांची कोणती माहिती गोळा करता, ती कुणाला देता. या सगळ्यात एक प्रश्न फारच साधा दिसतो: मोफत की विकत? पण त्याला एक नियम चिकटलेला आहे. विकतचं ॲप पुढं केव्हाही मोफत करता येतं. मोफत म्हणून एकदा प्रकाशित केलेलं ॲप मात्र नंतर विकत करता येत नाही. करायचंच असेल, तर दुसरं ॲप म्हणून नव्यानं चढवायचं आणि जुने डाउनलोड, जुने रिव्ह्यू सगळं मागं सोडायचं.

मी तीन आठवडे या प्रश्नापाशी थांबले आहे. दिवसा कंपनीचा कोड लिहिते आणि रात्री हे ॲप. भिशीचा हिशोब ठेवतं ते. आईच्या भिशीत वीस जणी आहेत, वही आईकडे असते, आणि मार्चचे पैसे कुणी दिले नि कुणाचे राहिले यावरून वर्षातून एकदा तरी वाजतंच. ॲपची फाइल मी व्हॉट्सॲपवरून आईला पाठवली. तिनं पुढच्या भिशीला एकेकीचा फोन हातात घेऊन ती इन्स्टॉल करून दिली. महिन्याभरानं तिनं मला विचारलं, "मग आता याचे किती घेणार तू?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "आमच्याकडून नको हं घेऊस."

उत्तर मिळेल म्हणून मी माझ्या आधीच्या लोकांच्या गोष्टी वाचायला घेतल्या. एकट्यानं रात्री जागून ॲप लिहिलं आणि नोकरी सोडली, अशा गोष्टी आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतात. मला त्यातला एकच तपशील हवा होता: त्यांनी किंमत किती ठेवली होती आणि ती ठरवली कुणी.

ही गोष्ट फोनच्या खूप आधी सुरू होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जिम नॉफ नावाचा आयबीएमचा एक कर्मचारी राहायचा. चर्चच्या लोकांना पत्रं पाठवायची तर पाकिटांवर चिकटवायला पत्ते छापावे लागत, म्हणून त्यानं घरच्या कंप्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. (माझी भिशी, त्याचं चर्च. पहिला प्रोग्रॅम बहुधा अशाच कुणाच्या तरी वहीतून निघतो.) पुढं आयबीएमचा पीसी आल्यावर त्यानं तो त्याच्यावर नेला, मित्रांना वाटला, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. मग सुधारलेली आवृत्ती कुणाकुणाला पाठवायची आणि टपालखर्च कुठून आणायचा, असा पेच पडला. १९८२ मध्ये त्यानं प्रोग्रॅममध्येच एक निरोप टाकला: फ्लॉपी खुशाल कॉपी करून वाटा, उपयोगी वाटला तर मला दहा डॉलर पाठवा.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात अँड्र्यू फ्लूगलमन अगदी हेच करत होता. मोडेमवरून दुसऱ्या कंप्युटरशी बोलणारा त्याचा 'पीसी-टॉक' हा प्रोग्रॅम असाच हातोहात फिरायचा आणि आवडला तर २५ डॉलर पाठवा म्हणायचा. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघांचेही प्रोग्रॅम हाती आलेल्या एका माणसानं नॉफला कळवलं, की तुझ्यासारखा आणखी एक जण आहे. मग दोघं एकमेकांशी बोलले आणि किंमत सारखी ठेवायची ठरवली: २५ डॉलर. नॉफनं जोडीला शोभावं म्हणून प्रोग्रॅमचं नावही बदलून 'पीसी-फाइल' केलं.

मायक्रोसॉफ्टच्या अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांपैकी एक असलेल्या बॉब वॉलेसनं १९८३ मध्ये तिथून बाहेर पडून 'पीसी-राइट' काढलं. त्याची शक्कल आणखी पुढची होती. नोंदणीचे ७५ डॉलर. पण तुम्ही वाटलेल्या फ्लॉपीवरून दुसऱ्या कुणी नोंदणी केली, तर त्यातले २५ तुम्हाला. या साऱ्या प्रकाराला 'शेअरवेअर' हे नाव रूढ झालं ते त्याच्यामुळं.

फुकट वापरणारे अर्थातच पुष्कळ होते. तरी नॉफनं १९८४ मध्ये आयबीएमची नोकरी सोडली, कारण टपालातून येणारे चेक पगाराच्या पुढं गेले होते. फ्लूगलमनची गोष्ट वेगळ्याच वळणानं संपते. १९८५च्या जुलैत तो नाहीसा झाला, गाडी गोल्डन गेट पुलाजवळ सापडली, तो सापडला नाही. त्याच्याबद्दल वाचताना मी त्या रात्री पुढं काही वाचलं नाही.

मला यातला महत्त्वाचा भाग हा वाटतो: दोन माणसं आपसात बोलली आणि किंमत ठरली. मध्ये दुकान नव्हतं, फळी नव्हती, यादीत कितवा नंबर ही भानगड नव्हती. शिवाय पैसे देणाऱ्याचं नाव आणि पत्ता थेट लिहिणाऱ्याकडे यायचा. ॲप स्टोअरवर विकलेल्या ॲपच्या मालकाला आपलं गिऱ्हाईक कोण, हे कळतच नाही.

त्यानंतरची पंचवीस वर्षं मी भरभर ओलांडते. मधल्या काळातल्या साध्या फोनवर गेम विकायचा, तर मोबाइल कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. तिथं एकट्या माणसाला कोण विचारतं?

२००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आला, तेव्हा त्याच्यावर बाहेरच्या कुणाला ॲप बनवायची सोय नव्हती. स्टीव्ह जॉब्सनं डेव्हलपरांना सांगितलं, वेबसाइट बनवा, ती ब्राउझरमध्ये चालेल. लोकांनी ऐकलं नाही. काही आठवड्यांतच फोनची कुलपं तोडून त्यात आपापली ॲप घुसवणं सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये ॲपलनं माघार घेतली. ६ मार्च २००८ ला अटी जाहीर झाल्या: वर्षाला ९९ डॉलर भरा, किंमत तुम्ही ठरवा, विक्रीतले ७० टक्के तुमचे, ३० आमचे.

हे ७० टक्के आज कमी वाटतात, तेव्हा ते प्रचंड होते. खोका छापायचा नाही, दुकानदार शोधायचा नाही, चेक वटवायचे नाहीत. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडलं तेव्हा आत जेमतेम पाचशे ॲप होती. पहिल्या शनिवार-रविवारनंतर ॲपलनं आकडे सांगितले: एक कोटी डाउनलोड, ॲपची संख्या आठशेच्या वर, त्यातली दोनशेहून अधिक मोफत, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक ॲपची किंमत दहा डॉलरच्या आत. म्हणजे दुकान उघडलं त्या आठवड्यात 'पाच-सात डॉलर' ही अगदी साधी किंमत होती. हे लक्षात ठेवा, कारण ती फार टिकली नाही.

त्या पाचशेंमध्ये 'ट्रिझम' नावाचा एक गेम होता. रंगीत त्रिकोण जुळवायचे. फोन ज्या बाजूला कलता कराल त्या बाजूनं ते घरंगळतात. लिहिणारा स्टीव्ह डिमिटर, एका बँकेसाठी एटीएमचं सॉफ्टवेअर लिहिणारा नोकरदार. त्यानं किंमत ठेवली ४.९९ डॉलर. दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळाले आणि त्यानं बँक सोडली. ही बातमी जगभर गेली. तेव्हापासून आजतागायत आमच्यातला प्रत्येक जण पहिलं ॲप चढवताना मनात कुठंतरी डिमिटरच असतो.

महिन्याभरानं, ऑगस्टमध्ये, आर्मिन हाइनरिश या जर्मन डेव्हलपरनं याच दुकानात 'आय ॲम रिच' ठेवलं. काम काहीच नाही, पडद्यावर एक लाल खडा चमकतो. किंमत ९९९.९९ डॉलर, दुकानात परवानगी होती तेवढी जास्तीत जास्त. ॲपलनं ते दिवसाभरात काढून टाकलं, पण तोवर आठ जणांनी विकत घेतलं होतं. लोक या माणसाला ठग म्हणाले. मला तो या गोष्टीतला सर्वांत प्रामाणिक माणूस वाटतो. निदान आपण काय विकतोय हे त्यानं लपवलं नव्हतं. ते जाऊ दे. पण किंमत खरंच बनवणाऱ्याच्या हातात होती, असा दुकानाच्या इतिहासातला तो शेवटचा महिना असावा.

कारण तोवर फळीनं काम सुरू केलं होतं. ॲप शोधायला लोक काय करायचे? वरच्या ॲपची यादी उघडायचे. ती यादी लागायची डाउनलोडच्या संख्येवर, कमाईवर नाही. समजा तुमचं पाच डॉलरचं ॲप दिवसाला शंभर जण घेतात. किंमत ९९ सेंट केली, घेणारे तिप्पट झाले, तरी हाती आधीपेक्षा कमीच पैसे येतात. पण तुम्ही यादीत वर चढता. वर चढलात म्हणून जास्त लोकांना दिसता. दिसलात म्हणून आणखी विकले जाता. शेजारचा हे बघतो आणि तोही किंमत पाडतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ॲपलनंही सक्ती केली नव्हती. नॉफ आणि फ्लूगलमनसारखं बोलून ठरवावं, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. इथं हजारो लोक होते आणि प्रत्येकाला यादीत दुसऱ्याच्या वर जायचं होतं. त्यातून ॲपलच्या करारात गुप्ततेचं कलम होतं. दुकान उघडून गेलं तरी १ ऑक्टोबरपर्यंत डेव्हलपरांनी आपल्या साधनांबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ.

२००८ च्या नाताळात विकतच्या ॲपच्या यादीत पहिल्या नंबरावर काय होतं? 'आयफार्ट'. पादण्याचे निरनिराळे आवाज काढणारं ॲप, किंमत ९९ सेंट.

त्याच डिसेंबरात क्रेग हॉकनबेरीनं स्टीव्ह जॉब्सला जाहीर पत्र लिहिलं. हा ट्विटरसाठी 'ट्विटरिफिक' हे ॲप बनवणाऱ्या छोट्या कंपनीतला मुरलेला डेव्हलपर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यादीत वर दिसण्यासाठी सगळे किंमत तळाला नेत आहेत. एखाद्याला दोन दिवसांत जमणारं ९९ सेंटचं ॲप परवडेल. पण काही महिने, दोन-चार माणसांचे पगार लागतील अशी ॲप कुणी बनवायलाच घेणार नाही. अशा स्वस्त ॲपना त्यानं 'रिंगटोन ॲप' म्हटलं. आज ते पत्र वाचताना वाटतं, त्याला रोग बरोबर कळला होता, फक्त तळ कुठं आहे याचा अंदाज चुकला. त्याला वाटलं तळ ९९ सेंटला आहे.

तळाकडे जायचा रस्ता ज्यानं दाखवला त्याची गोष्ट मात्र गोड आहे. ईथन निकोलस हा सन मायक्रोसिस्टिम्समधला इंजिनिअर. घरात लहान बाळ आणि पैशाची ओढाताण. एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं टाइप करत त्यानं रणगाड्यांचा 'आयशूट' हा गेम लिहिला. ऑक्टोबर २००८ मध्ये तो आला, थोडा विकला गेला आणि विक्री मंदावली. ॲप स्टोअरवर 'आधी वापरून बघा' अशी सोय नव्हती. म्हणून निकोलसनं जानेवारीत त्याच गेमची छोटी, मोफत 'लाइट' आवृत्ती वेगळं ॲप म्हणून ठेवली. लोकांनी ती उतरवली, आवडली, आणि पुढचं खेळायला मूळ गेम विकत घेतला. आयशूट पहिल्या नंबरावर गेला. महिन्याभरात पाच लाख डॉलरांहून अधिक मिळाले. त्यानं नोकरी सोडली.

सगळ्यांनी त्यावरून एकच धडा घेतला: फुकट द्या, मग पैसे मागा. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलनं मोफत ॲपच्या आत वस्तू विकायची परवानगी दिली, तेव्हा दोन वेगळी ॲप ठेवायचीही गरज उरली नाही. कमाईप्रमाणे लावलेली यादी ॲपलनं जेमतेम महिन्याभरापूर्वी सुरू केली होती. सुरुवातीला तिच्यात चांगली महागडी ॲप दिसायची. काही वर्षांत तीसुद्धा मोफत गेमनी भरून गेली, आतून नाणी आणि हिरे विकणाऱ्या.

आता अशा एका गोष्टीकडे येते, जिच्याशी तुमच्या अंगठ्याचं रोजचं नातं आहे. फोनवर यादी खाली ओढली की ताजी होते, ही युक्ती लोरन ब्रिक्टर या एकट्या डेव्हलपरच्या 'ट्वीटी' या ॲपमधून आली. ट्वीटी नोव्हेंबर २००८ मध्ये आलं, किंमत २.९९ डॉलर. वर्षभरानं त्यानं ते मुळापासून नव्यानं लिहून 'ट्वीटी २' काढलं. जुन्या गिऱ्हाइकाकडून सुधारणेचे थोडे पैसे घेण्याची सोय दुकानात नव्हती. एक तर सगळं काम फुकट द्यायचं, नाहीतर नवं ॲप म्हणून पुन्हा पूर्ण किंमत लावायची. त्यानं पुन्हा २.९९ लावले. लोक भडकले. तीन डॉलरसाठी! वर्षभर रोज शंभरदा वापरलेल्या वस्तूच्या नव्या आवृत्तीसाठी.

लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांचंही चूक नव्हतं. तीन डॉलर म्हणजे महाग, हे त्यांना दुकानानंच सव्वा वर्षात शिकवलं होतं. एप्रिल २०१० मध्ये ट्विटरनं ट्वीटी विकत घेतलं आणि पुढच्याच महिन्यात ते ट्विटरचं अधिकृत ॲप म्हणून मोफत झालं. तीन डॉलरचं भांडण मिटलं. पण ट्विटरची बाकी ॲप बनवून विकणाऱ्यांना आता खुद्द ट्विटरच्या मोफत ॲपशी झुंजायचं होतं.

२०१४ चा फेब्रुवारी हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत विचित्र महिना वाटतो. व्हिएतनाममध्ये, हनोईला, न्यूयेन हा डोंग ऊर्फ डोंग न्यूयेन यानं आदल्या वर्षीच्या मे महिन्यात 'फ्लॅपी बर्ड' काढला होता. मोफत, आत जाहिरातीची पट्टी. सात-आठ महिने त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये तो अचानक जगभर पहिल्या नंबरावर गेला. जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचं छापून आलं. आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयेननं जाहीर केलं, की २२ तासांनी गेम काढून टाकतो; हे मला सहन होत नाही. खरोखरच काढला. गेम आधीच भरलेले फोन लोक लिलावात हजारो डॉलरना विकायला काढू लागले. मी तेव्हा शाळेत होते, आणि वर्गात ज्याच्या फोनमध्ये तो पक्षी राहिला होता त्याचा भाव काय वाढला होता!

त्याच आठवड्यात, ६ फेब्रुवारीला, अमेरिकेत 'थ्रीज' नावाचा गेम आला. ॲशर वॉल्मर, ग्रेग वोलवेंड आणि संगीत देणारा एक मित्र, अशा तिघांचं चौदा महिन्यांचं काम. आकड्यांच्या ठोकळ्या सरकवून जोड्या लावायच्या. किंमत १.९९ डॉलर. तीन आठवड्यांच्या आत त्याची '१०२४' नावाची मोफत नक्कल ॲप स्टोअरवर आली. ती बघून इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारात, मजा म्हणून, '२०४८' लिहिला आणि कोडसकट इंटरनेटवर फुकट ठेवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो लोकलमध्ये किंवा लेक्चरच्या मागच्या बाकावर खेळला असेल. थ्रीजच्या लोकांनी वैतागून मार्चअखेर आपसातली ईमेल प्रसिद्ध केली, चौदा महिन्यांत काय काय करून पाहिलं, काय फेकून दिलं हे दाखवण्यासाठी. लोक त्यांनाच विचारत होते, की तुम्ही २०४८ ची नक्कल का केलीत.

चिरुल्लीचं मला काहीच चूक वाटत नाही. १९ व्या वर्षी सुट्टीत गेम लिहून मित्रांना देणारे आम्ही सगळेच होतो. पण त्या चौदा महिन्यांचं काय, हा प्रश्न त्यामुळं सुटत नाही. २०१५ च्या जूनमध्ये थ्रीजचीही जाहिरातींसह मोफत आवृत्ती निघाली.

आपल्याकडे किमतीचा प्रश्न उशिरा आला, कारण आधीचेच प्रश्न सुटले नव्हते. अँड्रॉइडचं दुकान ऑक्टोबर २००८ मध्ये उघडलं. डेव्हलपरनं एकदाच २५ डॉलर भरायचे, म्हणून आपल्या लोकांना तेच परवडायचं. पण सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर म्हणजे चौकोनांची रांग. त्या काळी ऑपेरा मिनीमध्ये एक सेटिंग शोधून बदललं की देवनागरी अक्षरं चित्र होऊन यायची, तेव्हा कुठं मराठी बातमी वाचता यायची. ज्या फोनवर मराठी दिसतच नाही, त्यावर मराठी ॲप विकणार कुणाला? आणि दिसायला लागल्यावरही, विकत घ्यायला क्रेडिट कार्ड हवं. ते किती घरांत होतं? आरतीसंग्रह, पंचांग, म्हणी, उखाणे, पाककृती, अशा मराठी ॲपची पहिली पिढी मोफतच निघाली. आत जाहिरातीची पट्टी, फ्लॅपी बर्डसारखीच. उदारपणा वगैरे नव्हे, पैसे घ्यायला वाटच नव्हती.

जुलै २०१५ मध्ये गूगलनं भारतासाठी ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. वडापावच्या भावात ॲप. त्यातले तीस टक्के दुकानाचे, म्हणजे लिहिणाऱ्याला सात रुपये, आणि कर वेगळे. तेवढ्यानंही फार कुणी विकत घ्यायला धावलं नाही. माझ्या आईसारख्या माणसांनी फोनवरून पैसे द्यायला सुरुवात केली ती यूपीआय हातात रुळल्यावर, आणि तीसुद्धा भाजीवाल्याला, ॲपला नाही.

तीस टक्क्यांवर पुढं बरंच रण माजलं. ऑगस्ट २०२० मध्ये 'फोर्टनाइट' गेमच्या कंपनीनं ॲपल आणि गूगल दोघांनाही कोर्टात खेचलं. त्या गदारोळात छोट्यांच्या पदरात एक गोष्ट पडली. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी ॲपलनं जानेवारी २०२१ पासून कमिशन पंधरा टक्क्यांवर आणलं. गूगलनं त्याच वर्षीच्या जुलैपासून पहिल्या दहा लाख डॉलरपुरतं तसंच केलं. दुसरीकडं दारातला पहारा वाढत गेला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्ले स्टोअरवर ॲप प्रकाशित करण्याआधी वीस माणसांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घेणं सक्तीचं झालं. पुढं वीसचे बारा केले. चोर-भामट्यांची ॲप रोखायला असं काही लागतंच. मला ती बारा माणसं भिशीत मिळतील. गावाहून नुकत्याच आलेल्या, मित्र नसलेल्या मुलाला कुठून मिळणार, असं मात्र वाटून जातं.

या सगळ्या वाचनात मला नोकरी सोडून लखपती झालेल्यांपेक्षा एक कॅल्क्युलेटरवाला जास्त जवळचा वाटला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला राहणारा जेम्स थॉमसन. त्यानं १९९२ च्या डिसेंबरात मॅक कंप्युटरसाठी 'पीकॅल्क' हा कॅल्क्युलेटर शेअरवेअर म्हणून काढला, म्हणजे नॉफच्याच परंपरेतला. मधे काही वर्षं ॲपलमध्ये नोकरी केली, मग पुन्हा घरी बसून पीकॅल्क. २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा पीकॅल्क तिथं होता. आता गंमत बघा: प्रत्येक मॅकवर, प्रत्येक आयफोनवर कॅल्क्युलेटर आधीपासून फुकट असतो. त्याच्या शेजारी हा माणूस विकतचा कॅल्क्युलेटर ठेवतो, आणि ९९ सेंटच्या लाटेतही त्यानं आयफोनवर दहा डॉलरच्या आसपास किंमत टिकवली. हिशोब चुकला तर खरंच नुकसान होतं अशी माणसं तो घेतात.

त्याचंही सगळं सुरळीत गेलं असं नाही. मे २०११ मध्ये लोडसिस नावाच्या कंपनीनं छोट्या डेव्हलपरांना पेटंटभंगाच्या नोटिसा पाठवल्या, त्यात त्याचं नाव होतं. ॲपच्या आत 'विकत घ्या' असं बटण ठेवलं, एवढाच गुन्हा, आणि ती सोय मुळात ॲपलनं दिलेली. २०१४ मध्ये त्यानं सूचनांच्या पडद्यावरच आकडेमोड करता येईल असं केलं. ॲपलनं आधी मंजूर केलं, मग काढून टाका म्हणून सांगितलं, मग ओरड झाल्यावर पुन्हा राहू दिलं. दुसऱ्याच्या दुकानात फळी मिळाली की हे आलंच. पीकॅल्क अजून विकला जातो. त्याच्या 'ॲपबद्दल माहिती' या पानात त्यानं एक खेळ लपवला आहे, केळी वगैरे फेकण्याचा. हे कोणत्याही गिऱ्हाइकानं मागितलं नसणार. ज्याच्या वर कुणी साहेब नाही, असाच माणूस कॅल्क्युलेटरमध्ये केळी ठेवू शकतो.

माझं ॲप म्हणजे पीकॅल्क नव्हे. पण वहीतला हिशोब चुकला की वीस घरांत कुरबूर होते, हेही खोटं नाही. मोफत ठेवलं, तर खाली जाहिरातीची पट्टी लागेल, आणि कुणाची किती रक्कम बाकी आहे या आकड्याखाली तत्काळ कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात झळकेल. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

काल रात्री मी 'विकत' निवडलं आणि रकान्यात ४९ लिहिले. पंधरा टक्के गेले की ४१ रुपये ६५ पैसे. विकतच्या ॲपसाठी प्रोमो कोड काढता येतात. प्रकाशित झालं की आईच्या वीस जणींसाठी वीस काढीन. आईला फोनवर सांगितलं तर तिनं तिकडूनच शेजारी बसलेल्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, वही तीस रुपयांना येते की!"

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. शनिवारी भिशी आहे, मी जाणार आहे.